पडकईचा लीडर

३ मे

ही डायरी फुकट मिळाली. मंचरला युवा नेतृत्व शिबिर व्हतं, एक दिवसाचं. डायरी, पेन, दोन समोसे अन जेवण. मी जेवणासाठी गेलतो हे खरंय. पण परत आलो ते लीडर होऊन.

सर म्हणले, रोज पाच मिनिटं स्वतःशी बोला अन ते लिहा, कुणाला दाखवू नका. मी म्हणलं सर, आमच्या वाडीत तसंबी स्वतःशीच बोलावं लागतंय, सगळी पोरं चाकणला. सगळे हसले. सरपण हसले. माणसं हसली पायजेत, ही लीडरची पहिली खूण. (ही सरांनी सांगितली नाय, माझी हाय.)

लीडर चार प्रकारचे. हुकूमशहा: मी सांगतो, तुमी करा. लोकशाहीवाला: तुमी सांगा, आपण करू. मोकळं सोडणारा: तुमचं तुमी बघा. सेवक: तुमी बसा, मी करतो. आपण कशात बसतो ते कळायला वीस प्रश्नांची टेस्ट. पहिले अकरा शेजारच्या पोरीचं बघून लिहिले. मग तिनं पान झाकलं. पुढचे नऊ मनानं. सरांनी बेरीज केली अन म्हणले, तुझ्यात चारी प्रकार दिसतात, असं क्वचित होतं. क्वचित. दोनदा म्हणले.

आता महिनाभर कुठंतरी लीडरशिप करायची अन एक जूनला फॉर्म भरायचा. प्रकार कोणता, टीममधी किती लोक, काय फरक पडला. ज्याचा फॉर्म भारी त्याला पुण्याला पाच दिवसांचं शिबिर, राहून-खाऊन. मी म्हणलं मी पडकईची लीडरशिप करतो. सरांना पडकई माहीत नव्हती. मी समजावलं. आमच्याकडं डोंगराला भाताची खाचरं. एकट्या घराला बांध घालायचा म्हणलं तर उन्हाळा सरंल. म्हणून अख्खी वाडी मिळून एकेकाचा बांध घालती. घरटी एक माणूस. मजुरी नाय, ज्याचं वावर त्यानं जेवण घालायचं. सर म्हणले वा, मग याचा लीडर कोण?

मी म्हणलं तेच तर ना सर. कुणीच नाय.

डिंभ्यापर्यंत यष्टी मिळाली. पुढची आलीच नाय. मासळीच्या टेम्पोतून आलो, उरलेलं चालत. डायरीला अजून वास येतोय.

४ मे, सकाळ

परिस्थितीचा आढावा (सरांचा शब्द).

आमचं खाचर एकच. गेल्या पावसात त्याच्या बांधाला बैलगाडी जाईल एवढं खिंडार पडलं. माती गेली, पाणी ठरंना, भात अर्धा पण झाला नाय. वरीस आईनं रेशनच्या तांदळावर काढलं. यंदा पावसाच्या आत बांध नाय झाला तर उरलेली माती पण खाली धरणात.

पडकई वरच्या घरापासनं खाली येती. आमचं घर सगळ्यात खाली. म्हणजे आमी शेवट. शेवटपर्यंत पाऊस थांबंल का नाय, कोण सांगणार?

म्हणून लीडर पायजे. लीडर आला की क्रम बदलंल.

सध्या जे काय बघायचं ते गेणभाऊ बघतात. वय बहात्तर. सकाळी वरल्या खडकावर उभं राहून हाळी देतात. आधी दोनदा खोकतात, मग होऽऽ, अन मग आज कुणाच्या वावरात ते. बास, एवढंच. मग खाली येऊन दिवसभर सगळ्यांबरोबर खोदतात. म्हणजे लीडरशिपचं शिक्षण शून्य.

मोहितला, चाकणच्या माझ्या दोस्ताला, फोन केला, बातमी सांगायला. उचलला नाय. शिफ्टमधी असंल.

५ मे

प्रकार एक. हुकूमशहा. सोपानदादाच्या वावरात सुरुवात.

शाळेतली शिट्टी घेऊन बांधावर उभा राहिलो. सूचना देत व्हतो. पहार इकडं, घमेली तिकडं. सोपानदादा म्हणला, लीडर, जरा सरका, तुमच्या पायाखालचा दगड पायजे. सरकलो. परत सूचना. परत म्हणला, लीडर, आता हा पायजे. असं सहा वेळा झालं. एवढ्या मोठ्या डोंगरात त्यांना माझ्याच पायाखालचे दगड लागतात. याला म्हणतात लीडरला टार्गेट करणं.

दुपारी जोरात शिट्टी मारली. सोपानदादाचा बैल बुजला अन पाण्याचा ड्रम आडवा करून गेला. आईनं शिट्टी काढून घेतली. सगळ्यांदेखत. बावीस वर्षाच्या लीडरची.

घरटी एक माणूस असा नियम हाय. आमच्या घरनं मी गेलतो. तरी आई पण आली अन दिवसभर खोदत बसली. मी म्हणलं तू कशाला आलीस? म्हणली, घरटी एक माणूस द्यायचा असतो ना.

काय म्हणायचं व्हतं कळलं नाय. बहुतेक ऊन लागलं असंल.

८ मे

प्रकार दोन. लोकशाही. हुकूमशाही आपल्या मातीत चालत नाय.

'पडकई टीम' नावाचा व्हॉट्सॅप ग्रुप काढला. एक्केचाळीस मेंबर. पोल टाकला, पुढचा बांध कुणाचा? आमच्या खिंडाराचा फोटो पण टाकला, तिरका काढून, म्हणजे अजून मोठं दिसंल.

२६ मतं पडली. रेकॉर्ड.

अडचण एवढीच झाली की एक्केचाळिसातली तेहतीस पोरं चाकण-भोसरीला. वाडीत फोन आठ, अन रेंज फक्त वरल्या खडकावर. मोहितचं वावर निवडून आलं. मोहितच्या घराला तीन वर्षं कुलूप, वावरात घाणेरी माजलीय माणूसभर. आमच्या खाचराला एक मत. ते माझं.

सोपानदादाला निकाल सांगितला. म्हणला, बरं झालं. आता ही पोरं तिकडून दगड फॉरवर्ड करणार का?

मोहितनं मत दिलंय, स्वतःच्याच वावराला. अकरा वाजून चार मिनिटांनी. म्हणजे फोन हातात व्हता. मी अकराला फोन केलता.

नेटवर्कचं काय सांगता येत नाय.

९ मे

चाकणचा विषय निघाला म्हणून क्लिअर करून ठेवतो. मी पण चार महिने कंपनीत व्हतो. मोहित अन मी एकाच लाईनला, एकाच खोलीत. मला काढला नाय. मी एकदा गंमत म्हणून सुपरवायझरच्या आवाजात माईकवरून सांगितलं की आज हाफ डे. दोनशे माणूस गेटवर. लोक अजून त्या दिवसाची आठवण काढत असतील.

मोहितला पण आठ दिवस घरी बसवलं, माझा रूम पार्टनर म्हणून. ते चूक व्हतं कंपनीचं.

११ मे

प्रकार तीन. मोकळं सोडणारा. टीमवर विश्वास टाकायचा अन लीडरनं जायचंच नाय.

गेलो नाय. झोपलो.

रिझल्ट: एका दिवसात दोन बांध. एवढं काम आजवर झालं नव्हतं. म्हणजे मी जितका लांब तितकी टीम जोरात. हा माझा प्रकार दिसतोय.

दुपारी उठलो तर वाडीत कुणीच नाय. कोंबड्या अन मी. पलीकडच्या उतारावरनं हसण्याचा आवाज आला, सगळ्यांचा, एकदम. कुणीतरी काहीतरी म्हणलं असणार. काय, ते इथपर्यंत ऐकू येत नाय. थोडा वेळ अंगणात उभा राहिलो. परत हसले.

संध्याकाळी आईला विचारलं दुपारी काय झालं व्हतं. म्हणली, कधी?

१३ मे

मोठा शोध! मला गेणभाऊंचा आवाज येतो!!

सकाळी त्यांच्या आधी खडकावर गेलो. दोन खोकले. होऽऽ. अन म्हणलं, आज चिमाबाईच्या वावरातऽऽ चला रेऽऽ. चिमाबाई म्हणजे माझी आई.

सगळी वाडी आली. चौदा माणसं, कुदळी-फावड्यांसकट, आमच्या खाचरात. मी बांधावर उभा. आयुष्यात पहिल्यांदा चौदा माणसं माझ्या शब्दावर आली. (गेटवरची दोनशे धरली नाय, ते कंपनीचे.) सोपानदादानं तर पहार पण मारली.

अन मग गेणभाऊ आले, मागनं, टॉवेल गळ्यात, तोंडात राखुंडी. कुणाला कळंना काय चाललंय. गेणभाऊंनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता बसती कानाखाली. तर म्हातारा हसायला लागला. राखुंडी थुंकली अन हसतच बसला. म्हणला, आरं ऋष्या, माझा खोकला एवढा वंगाळ हाय व्हय? मग म्हणला, आवाज बरोबर धरला. फकस्त दुसऱ्या खोकल्याला जरा उशीर कर. मी लगीच खोकत न्हाई.

सगळे गेले ज्यांच्या वावरात जायचं व्हतं तिथं. सोपानदादा जाताना म्हणला, मारलेली पहार फुकट गेली माझी.

गेणभाऊंनी मात्र संध्याकाळी घरासमोर थांबवलं. म्हणले परत करून दाखव. करून दाखवला. धोंडाआजीला, म्हणजे त्यांच्या बायकोला, बाहेर बोलावलं अन म्हणले, डोळं मिट अन सांग ह्यो कोण? आजी म्हणली, एक सोसना, आता दोन झाले. चहा दिला.

इतका वेळ कुणाशी बोललो त्याला लई दिवस झाले व्हते. कदाचित चाकणनंतर पहिल्यांदा.

१७ मे

गेणभाऊ पडले. वावरातच. दगड उचलता उचलता बसले अन तोंड एका बाजूला गेलं. डोलीतून रस्त्यापर्यंत, तिथनं जीपनं मंचरला. मी डोलीला खांदा द्यायला गेलो, पण चारी कोपऱ्यांना माणसं व्हती. मागं मागं चाललो, त्यांच्या चपला घेऊन.

जीपमधी जागा नव्हती. चपला माझ्याच हातात राहिल्या.

१८ मे

पडकई बंद. सकाळी हाळीच नाय, तर कुणी निघालंच नाय. आमच्या वर अजून तीन वावरं बाकी.

वाईट झालं. लई वाईट झालं. पण सर म्हणले व्हते, संकटात पोकळी तयार होते अन खरा लीडर ती भरतो. पोकळी तर पडलीय.

१९ मे, सकाळी ७

खडकावरनं हाळी दिली. माझ्या स्वतःच्या आवाजात. चला रे पडकईला!

आलेले: एक, आमची आई. दोन, कुत्रं. तीन, सोपानदादा, पळत. विचारायला लागला, कोण मेलं?

२१ मे, सकाळी

आज गेणभाऊंच्या आवाजात दिली. कामासाठीच दिली. तीन वावरं अन आमचं, कुणाला तरी काळजी पायजे का नको? आभाळ रोज दुपारी भरून येतंय.

लोक बाहेर आले. अंगणाअंगणात उभे. खाली कुणी येईना, सगळे खडकाकडं बघत व्हते.

धोंडाआजी कालच संध्याकाळी मंचरवरनं आलती. कपडे न्यायला. मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.

ती पळत आली. चढावरनं. पायात काय नाय, हातात गेणभाऊंचं मुंडासं. खडकावर आली, माझ्या मागं बघितलं, मग खडकाच्या पलीकडं वाकून बघितलं. मला म्हणली, आलं? कुठं हायेत?



परत म्हणली, आत्ता व्हते ना. खोकलं ना.

मी दुसऱ्या खोकल्याला उशीर केलता. जसा सांगितला तसा.

आजी मुंडासं मांडीवर घेऊन तिथंच खाली बसली.

२२ मे

कालचं पान भाताच्या शितानं मागच्या पानाला चिकटवून टाकलं.

कम्युनिकेशन गॅप झाला, दुसरं काय नाय. सर म्हणले व्हते मोठ्या लीडरबद्दल लोकांचे गैरसमज होतातच.

आई बोलत नाय. जेवायला वाढती, पण ताट सरकवती.

२४ मे

प्रकार चार. सेवक. हा राहिलाच व्हता, अन सर म्हणले व्हते हाच सगळ्यात वरचा.

आजी मंचरला परत गेली. मी तिच्या दारातला हंडा विहिरीवरनं भरून ठेवला. म्हशीला वैरण टाकली. अंगण झाडलं. संध्याकाळी बघितलं तर हंड्यात सोपानदादाच्या शेळ्या तोंड घालून पाणी पीत व्हत्या. परत भरला.

कुणी विचारलं नाय कुणी भरला. मी पण सांगितलं नाय. म्हणजे सेवक प्रकारात हीच अडचण हाय, फॉर्ममधी पुरावा काय जोडायचा?

गेणभाऊंच्या चपला पुसून उंबऱ्याशी ठेवल्या. मग वाटलं आजी आल्यावर चपला बघून परत फसंल. घरी घेऊन आलो.

२६ मे

पडकई चालू झाली. सोपानदादा सकाळी एकेका दारावर थाप मारत जातो. हाळी नाय, काय नाय. आमच्या दारावर मारली नाय. आई आधीच कुदळ घेऊन ओट्यावर बसली व्हती, ती आपली आपण गेली.

मी जाणार व्हतो. बूट पण घातले. मग म्हणलं जाऊ द्या, लोकांना अवघडल्यासारखं होईल.

दिवसभर बूट घालूनच बसलो.

२८ मे

गेणभाऊंना आणलं. उजवा हात गेलाय. बोलणं गेलंय. सोपानदादा सांगत व्हता कुणाला तरी, सगळं समजतं, पण आवाज म्हणून निघत नाय. डॉक्टर म्हणतात येईल, नायतर नाय.

मी गोठ्याच्या आडनं बघितलं. ओट्यावर बसवलं व्हतं. चपला नव्हत्या पायात.

रेंजवर गेलो तर मोहितचा मेसेज आला व्हता. पाच तारखेला मी पाठवलं व्हतं, भावा मी लीडर झालो. त्याच्यावर आज अंगठा.

लई वेळ त्या अंगठ्याकडं बघितलं. अंगठ्यात काय बघायचं असतं? पण बघितलं.

३१ मे, संध्याकाळी

उद्या आमचं वावर. शेवटचं.

फोनवर दाखवतंय पाऊस चार दिवसांत. समोर भीमाशंकरच्या बाजूला काळं झालंय. उद्या नाय झालं तर बांध नाय अन भात पण नाय. आई डबे उघडून बघत व्हती. मग म्हणली, उद्या पंधरा माणसांची भाकर टाकते. मी म्हणलं, आई, येतील का पण? म्हणली, मी सगळ्यांच्यात गेलेय. मग जरा थांबून म्हणली, पण घर तुझ्या नावानं वळखतात.

सोपानदादा विचारून गेला नाय. रीत अशी हाय की ज्याचं वावर त्यानं सांगायचं. दारोदार जायला मला तोंड नाय. म्हणजे हाळीच द्यावी लागंल.

कुठल्या आवाजात?

त्या आवाजात दिली तर येतील. शिव्या घालतील पण येतील. त्या आवाजाला ही माणसं पन्नास वर्षं उठतायत, पाय आपोआप निघतात, मी बघितलंय. अन गेणभाऊंना तर आता आवाजच नाय, म्हणजे त्यांचं काय जातंय? उलट वारसा पुढं चालतोय.

पण त्यांचा ओटा खडकाच्या बरोबर खाली हाय. कान चांगले हायेत त्यांचे.

१ जून, सकाळी साडेआठ

दिली. माझ्याच आवाजात. खोकलो नाय.

म्हणलं, आज चिमाबाईच्या वावरात चला. चला म्हणताना आवाज चिरकला, परत म्हणलं. तिसऱ्यांदा नाय म्हणलं. वर येताना गेणभाऊंच्या चपला आणल्या व्हत्या. उतरताना त्यांच्या ओट्याखाली ठेवल्या. वर बघितलं नाय.

खाचरात उपस्थिती: दोन. आई धरून.

आई म्हणली मला धरू नको. मी काय तुझी हाळी ऐकून आले नाय, माझं वावर हाय.

म्हणजे एक.

टोपलीत पंधरा माणसांची नाचणीची भाकर, सुकटाचं कालवण. पहाटेपासनं केलेलं. आईनं फडक्यानं झाकलं अन कुदळ उचलली. मी पण उचलली. काय करणार, सूचना द्यायला कुणी नव्हतंच.

दुपारी दोन, जेवणानंतर

घाईत लिहितोय.

दहाच्या सुमाराला वरनं दोन माणसं येताना दिसली. लई हळू. गेणभाऊ, काठी डाव्या हातात. आजीनं काखेत धरलेलं. पायात चपला. एवढासा उतार, अर्धा तास लागला. आले अन खिंडाराच्या तोंडाशी दगडावर बसले. उन्हात. माझ्याकडं बघितलं नाय. आजीनं पण नाय. आजी पदर खोचून माती भरायला लागली.

मी म्हणलं सावलीत बसा. गेणभाऊ हलले नाय.

तासाभरानं सोपानदादा आला, पहार खांद्यावर. मग त्याच्या मागं दोघं. मग चार. बारापर्यंत तेरा माणसं. मी मनात म्हणलं, हाळी लागू पडली, जरा उशिरा लागू पडली एवढंच. रेंजचा प्रॉब्लेम. सोपानदादाला हळूच विचारलं, दादा, माझी हाळी ऐकली ना? म्हणला, ऐकली की, सकाळीच ऐकली. पण म्हातारा येऊन उन्हात बसलाय, अन बांध झाल्याबगर उठायचा नाय. त्याला काय उन्हात मारायचा का?

जेवायला सगळे ओळीत बसले. माझ्याशी कुणी बोललं नाय. आपसात बोलत व्हते. कुणाचा तरी बैल, कुणाची तरी सोयरीक. एकदा सगळे हसले. या वेळी मी तिथंच व्हतो, काय म्हणले ते ऐकलं. खरं सांगायचं तर एवढं हसण्यासारखं नव्हतं. मी पण हसलो.

वाढायला आजी व्हती. माझ्यापाशी आली. हात थांबला नाय. सगळ्यांना जेवढं तेवढंच मला.

जागा कमी व्हती, सोपानदादाचा कोपर माझ्या बरगडीला लागत व्हता. मी सरकलो नाय.

संध्याकाळी साडेसहा

बांध झाला.

शेवटचं लिहायचं राहिलंय. चार वाजता एकच जागा उरली, वरच्या थराला. सगळे थांबले, दगड शोधत. मी जरा मागं उंचवट्यावर उभा राहून बघत व्हतो, सगळा बांध एका नजरेत यावा म्हणून.

गेणभाऊंनी डावा हात उचलला. दिवसभरात पहिल्यांदा. बोट केलं. माझ्याकडं.

सगळी माणसं वळली. चौदा तोंडं माझ्याकडं. आई पण, आजी पण.  गेणभाऊ बोट तसंच धरून, हात खाली घेईनात.  मला कळलं काय चाललंय. पन्नास वर्षांनी माणूस दुसऱ्याला दाखवतोय, सगळ्यांसमोर. मी शर्ट खाली ओढला. चेहऱ्यावरची माती पुसली. म्हणणार व्हतो की मी प्रयत्न करीन.

सोपानदादा म्हणला, लीडर, सरका. तुमच्या पायाखालचा पायजे.

खाली बघितलं. दगड बरोबर त्याच मापाचा व्हता.

उतरलो. पहारीनं सुटा केला. लई जड, एकट्याला हलंना. दुसऱ्या बाजूनं सोपानदादानं हात घातला.   दोघांनी नेला, ठेवला. हलत व्हता. गेणभाऊंनी बोट जरा डावीकडं केलं. डावीकडं सरकवला. बसला.

मग गेणभाऊ उठले.

माणसं आपापल्या घरी गेली. फॉर्म समोर हाय, आज शेवटची तारीख. टीममधी किती लोक? चौदा लिहिलं, खोडलं. गेणभाऊंचे चौदा. एक लिहिलं, ते पण खोडलं, दगडाला सोपानदादा व्हता. प्रकार कोणता? चारीपैकी कशालाच टिक करवंना. खाली 'इतर' म्हणून एक चौकट हाय. तिला केली. पुढं कंस हाय, स्पष्ट करा म्हणून.

स्पष्ट करायला बसलोय मघापासनं. हाताला फोड आलेत, पेन धरवत नाय.